रिकामं गाव बघायला सात जण

सगुणमामा वेशीबाहेर मेला. माडाच्या झावळ्यांच्या खोपीत, सहाव्या दिवशी, सकाळी साडेसहाच्या सुमारास.

वाचलंत? आता विसरा. असं काही घडलेलं नाही. खारवणे ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीत स्वच्छ अक्षरात लिहिलंय: ठिकाण, राहते घर. वेळ, अकरा वाजून वीस मिनिटे. खाली सही आहे, शिक्का आहे. तेव्हा मामा घरीच मेला आणि अकरा वीसपर्यंत ठणठणीत होता.

ठणठणीत म्हणजे असा, की पहिल्या दिवशी तो प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता आणि ती खुर्ची चौघांच्या खांद्यावर होती.

"सावकाश रे मेल्यांनो," तो वरून ओरडत होता. "पालखी नाय ही. पडलंय तर परत उचलूक कोण येवचो नाय."

मागून मामी, तिच्यामागे दोन म्हशी, पिंजऱ्यात सहा कोंबड्या, गॅसची शेगडी आणि टीव्ही डोक्यावर घेतलेला शेजारी. असं अख्खं गाव रस्त्यावर. खारवण्यात दर तीन वर्षांनी मार्गशीर्षात गावपळण होते. देवाचा हुकूम झाला की चारशे बारा माणसं गुराढोरांसकट गाव सोडतात आणि वेशीबाहेरच्या माळावर खोपी बांधून राहतात. तीन रात्री गावात चिटपाखरू राहता कामा नये. चौथ्या सकाळी गुरव वेशीवरच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवून कौल लावतो. उजवी पाकळी पडली तर घरी जा. डावी पडली तर आणखी दोन दिवस थांबा. मांजरं तेवढी मोजत नाहीत, कारण मांजर कोणाचं ऐकत नाही हे देवालाही माहीत आहे.

माणसं मात्र मोजतात. वेशीतून बाहेर पडताना प्रत्येकाने पाषाणापाशी एक खडा ठेवायचा आणि कौलाआधी एक उचलायचा. खडा उरला, तर कोणीतरी आत राहिलंय. सरकारच्या जनगणनेपेक्षा ही जनगणना वेळेवर होते.

मामाने खुर्चीतून वाकून खडा ठेवला तेव्हा त्याला धाप लागली. कणकवलीच्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांपूर्वीच 'घरी न्या' म्हणून सांगितलं होतं. डॉक्टर घरी न्या म्हणतात तेव्हा ते जेवायला नेण्याबद्दल बोलत नसतात. मामाचीही तक्रार नव्हती. त्याची एकच अट होती: मरायचं ते आपल्या पडवीत, आपल्या गादीवर. आणि नेमकी त्याच वर्षी गावपळण आली. लोक म्हणाले, सगुणा, तू आजारी आहेस, तुझ्यासाठी देवाकडून सूट मागू. मामा देवाचा मानकरी. त्याला सूट म्हणजे शिवी.

"नियम तो नियम," तो म्हणाला. "चार दिवस मी मरूचंय नाय. पाचव्याचा माका विचारू नकात."

असा त्याचा आणि यमाचा करार होता. मुदत चार दिवस. सगळ्यांना माहीत होता. मलाही.

आता माझी माहिती. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि पुण्याच्या 'मूळवाट' नावाच्या सहल कंपनीत 'वारसा-कथाकार' होतो. म्हणजे बसमध्ये माईक धरून दिसेल त्या दगडाला 'साक्षीदार' म्हणायचं काम. आमच्याकडे प्रत्येक विहीर काळाच्या उदरात उतरायची, प्रत्येक धबधबा दुधाळ असायचा आणि प्रत्येक म्हातारी निरागस. एकदा सासवडजवळ एका निरागस म्हातारीने आमच्या बसवर दगड मारला, तेव्हा मी त्याला 'स्थानिक स्वागतपद्धती' म्हणालो होतो. लोकांनी व्हिडिओ काढले.

मालक ओजस सर. वय एकोणतीस, पाहिलेले देश चाळीस, पाहिलेले तालुके दोन. एकदा चहा पिताना मी गावपळणीबद्दल बोलून गेलो. सरांनी कप खाली ठेवला.

"थांब. अख्खं गाव रिकामं? म्हणजे ऑथेंटिक रिकामं?"

"हो सर."

"आणि हे कोणी दाखवत नाही?"

"सर, ते रिकामं असायला तिथे कोणी नसावं लागतं."

सरांनी यावर विचार केला. त्यांचा विचार चालू असला की ते डोळे मिटत. "बरोबर आहे," ते म्हणाले. "गर्दी नको. आपण सातच नेऊ."

जाहिरात मीच लिहिली. 'रिकामं गाव: एक अनुभव. जिथे कोणी नाही, तिथे तुम्ही.' सहा महिने मी उमेदवारीवर होतो. ही सहल जमली की कायम. घरी मी सांगितलं, मामाला बघायला आलोय. ते खोटं नव्हतं. मामाला बघितलंच.

चौथ्या दिवशी सकाळी मी खोपीतून उठलो, मामीला 'जरा जाऊन येतो' म्हणालो आणि खारफुटीतून आडवाटेने गावाच्या धक्क्यावर गेलो. सात जण खाडीपलीकडून होडीने आले. पलीकडचं गाव वेगळं, तिथल्या होडी चालवणाऱ्या पांडू तारीला आमच्या देवाचा हुकूम लागू नाही. सातला उतरायचं, साडेआठला होडीत परत, नऊला कौल. देवाला कळायच्या आत अर्धा तास हाताशी. अशी योजना मी एक्सेलमध्ये केली होती.

पहिल्या उतरल्या वर्तकबाई. त्यांनी एकतीस देश पाहिले होते आणि बत्तीसाव्यात पाय ठेवावा तसा त्यांनी आमच्या धक्क्यावर ठेवला.

"कंबोडियात अगदी असंच होतं," त्या म्हणाल्या. "फक्त तिथे स्वच्छतागृह होतं."

त्यांच्यामागे सोहनी. त्यांच्याकडे ड्रोन होता, आणि ड्रोन असलेल्या माणसाला पाय का देतात हे मला आजवर कळलेलं नाही. उरलेले पाच जण एकमेकांचे नातेवाईक होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते.

गाव खरंच रिकामं होतं. दारं नुसती लोटलेली, आतले दिवे बंद. विहिरीवर रहाट, रहाटावर दोर, दोराला कळशी आणि कळशीजवळ कोणी नाही. मला तिथे घाम फुटला, पण तो मी आर्द्रतेच्या नावावर टाकला.

"फ्रेममध्ये कोणी नको हं," सोहनी म्हणाले. "रिकामं दिसलं पाहिजे."

इथे गणित चुकलं. सातही जणांना रिकाम्या गावाचा फोटो हवा होता आणि गावात सात जण होते. मग दर ठिकाणी सहा जण गोठ्यामागे लपायचे आणि सातवा फोटो काढायचा. मग दुसरा यायचा, पहिला लपायला जायचा. विहीर, सात वेळा. शाळा, सात वेळा. देवळाची पायरी, सात वेळा, त्यात एका काकांचं पोट खांबाबाहेर आल्याने आठ. मी आठदा 'निघू या' म्हणालो. आठही वेळा मला 'एक मिनिट' मिळालं.

शेवटी मामाच्या अंगणात आलो. मामाने आदल्या रविवारीच अंगणाला तांबडी माती घालून घेतली होती, परत आल्यावर नीट दिसावं म्हणून. ती अजून ओलसर होती. पडवीत मामाची गादी होती आणि गादीवर मन्या नावाचा बोका झोपला होता.

"अय्या, हा नाही गेला!" वर्तकबाई त्याच्याशेजारी बसल्या. मामाच्या गादीवर. "बंडखोर आहे. कोणाचं घर हे?"

"एका स्थानिकाचं," मी म्हणालो.

तेवढ्यात धक्क्यावरून पांडू तारी ओरडला, "ओ गाईडानू! पाणी गेला! होडी चिखलात बसली! आता दोन वाजता भरती इली काय मगेच!"

बाहेर पडायची दुसरी वाट एकच. वेशीतून, चारशे बारा माणसांच्या समोरून.

"मी आठदा सांगितलं होतं," मी म्हणालो.

"इतकं शांत होतं, की घाई करावीशीच वाटेना," सोहनी म्हणाले.

वर्तकबाई खूश झाल्या. "अरे, बरंच की! मग ते लोक परत येतात तेही बघायला मिळेल. नऊला ना? शेड्यूलमध्ये टाक."

त्यांना सांगावंसं वाटलं, की बाई, तुम्ही इथे आहात म्हणून ते येणार नाहीत. पण आमच्या प्रशिक्षणात 'पाहुण्याला नकार देऊ नये' असं होतं. "हा मौनाचा अनुभव आहे," मी म्हणालो. "दोनपर्यंत पडवीतून हलायचं नाही, बोलायचं नाही." त्यांना ते लगेच पटलं. पाच नातेवाईकांना तर फारच. मी परत खारफुटीतून, गुडघाभर चिखल तुडवत, नऊला पाच कमी असताना वेशीवर पोहोचलो. माझा खडा उचलला. पाषाणापाशी एकही खडा उरला नाही.

"सगळी भायर," भिकाजी गुरव म्हणाला आणि त्याने पाकळ्या लावल्या.

मामाची खुर्ची सगळ्यात पुढे होती. खडा त्याच्या मुठीत होता. त्याचं लक्ष पाषाणाकडे नव्हतं. वळणावरून आपल्या घराची कौलं दिसतात का ते तो बघत होता. मामी त्याच्या कानाशी पुटपुटली, "झाले हो चार दिवस. आता घराक जावया."

डावी पाकळी पडली.

एक म्हैस हंबरली, तिला गप्प केलं. भिकाजीने वळून सगळ्यांकडे पाहिलं. तो साठीचा माणूस, पोस्टात पत्रं वाटायचा, त्यामुळे कोणाच्या घरी काय चाललंय हे देवाआधी त्याला कळायचं.

"खडे बरोबर," तो म्हणाला. "म्हणजे आपला कोण नाय. मगे आत कोण आसा?"

त्याला उत्तर द्यायला गावातून ड्रोन वर आला. मौनाच्या अनुभवात तो बसत होता बहुतेक.

"देवचार!" भूत दिसल्यासारखी एक म्हातारी किंचाळली.

"देवचाराक बॅटरी कित्याक लागात गे?"

"निवडणुकीचो सर्वे असतलो," सरपंच म्हणाले. त्यांना सगळीकडे निवडणूक दिसते.

भिकाजीने हात वर केला. "आयका. आत कोण आसा ता कोणाक ठावक आसात तर आत्ता बोला. कोण मारूचो नाय. त्येंका भायर काडू, देवाक गाऱ्हाणा घालू आणि आत्ताच्या आत्ता परत कौल लावू. देव काय खुळो नाय."

याहून सोपी परीक्षा मला आयुष्यात कोणी घेतली नव्हती. प्रश्न एक, गुण शंभर, उत्तर माहीत. मी तोंड उघडलं. खिशात फोन थरथरला. माझ्या फोनला खारवण्यात फक्त वेशीवरच रेंज येते, सोहनींच्या महागड्या फोनला गावातही येत असावी. ओजस सरांचा निरोप होता: 'सोहनींनी ड्रोन शॉट्स पाठवलेत. एपिक. कायम झालास समज.'

मी तोंड मिटलं.

"मांजर!" मागून कोणीतरी ओरडलं. "सगुणाचा मांजर आत आसा!"

"मांजर मोजनत नाय रे."

"औंदा मोजला असतला देवान."

गावाला हे एकदम आवडलं. मांजर उलट उत्तर देत नाही. मग चर्चा सुरू झाली, की मांजराला बाहेर कसं काढायचं. मांजराला आणायला माणूस आत गेला, तर माणूस आत. त्या माणसाला आणायला दुसरा गेला, तर दोन. हा हिशेब नऊ माणसांपर्यंत गेला आणि मग दोन दिवस थांबायचं ठरलं. सगळ्यांनी खडे परत पाषाणापाशी ठेवले. सरपंचांनी वहीत लिहिलं: 'गावात मांजर राहिल्याने डावा कौल.'

"मांजराक काय बोलू नकात," मामा खुर्चीतून म्हणाला. "ता कोणाच्या बापाचा खाणा नाय."

दुपारी खोपीत मी मामाजवळ बसलो होतो. मामी पाणी आणायला गेली होती. मामा डोळे मिटून पडला होता, म्हणून मी पाय धुवायची घाई केली नव्हती.

"पायाक काय लागला रे झिला?"

"चिखल."

"खाडयेचो. आणि ता खालचा तांबडा?"

मी पायाकडे पाहिलं. वाळून पोपडे गेलेल्या काळ्या चिखलाखाली, दोन्ही घोट्यांना, तांबड्या मातीचे शिंतोडे होते. माळावर माती काळी. खाडीत काळी.

मला वाटलं, मामा आता ओरडेल. भिकाजीला हाक मारेल. मारायला हवी होती. अजून दोन वाजले नव्हते.

"मन्या खंय निजललो?" मामाने विचारलं.

मला काय माहीत, असं म्हणता आलं असतं. माझ्या पेशात मी त्याहून मोठमोठ्या गोष्टी न अडखळता म्हणत असे.

"तुज्या गादयेर," मी म्हणालो.

मामा हसला. हसण्याचा खोकला झाला, खोकल्याची धाप झाली, आणि ती ओसरायला बराच वेळ लागला. "बरा," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "मामयेक सांगू नको हां. तुका जेवूक घालूची नाय."

"मामा..."

"दोनच दिवस ना. काडतंय." आणि त्याने कूस बदलली, घराच्या दिशेला.

मी संध्याकाळपर्यंतही सांगू शकलो असतो. संध्याकाळी मी सहलीचा अहवाल लिहिला. सात जण भरतीला सुखरूप गेले होते. सहा जणांनी पाच तारे दिले. वर्तकबाईंनी चार दिले, गावकऱ्यांशी संवाद झाला नाही म्हणून.

मामाने पाचवा दिवस काढला. मुदतीबाहेरचा एक दिवस. सहाव्या सकाळी साडेसहाला मामीने मला हलवलं आणि नुसती मान हलवली.

भिकाजी आला. सरपंच आले. दोघे खोपीत वाकून उभे राहिले.

"वायट झाला," सरपंच म्हणाले. "पण आता पंचाईत आसा."

पंचाईत अशी, की वेशीवर मढं असताना कौल लागत नाही. शिवाय निम्मे मानकरी मामाच्या भावकीतले, त्यांना दहा दिवस सुतक. म्हणजे गाव आणखी दहा दिवस माळावर. पोरांच्या परीक्षा होत्या, चारा संपला होता, आणि टीव्हीवाल्या शेजाऱ्याच्या टीव्हीत पाणी गेलं होतं.

मग मामीच बोलली. ती रडत नव्हती.

"तेंका घराक जावचा होता," ती म्हणाली. "मेले म्हणान काय झाला."

भिकाजीने सरपंचांकडे पाहिलं. सरपंचांनी छपराकडे पाहिलं.

"सगुणदादा निजलेत," भिकाजी म्हणाला. "थंडी आसा, मफलर बांधा."

मामीने मफलर बांधला. मामाला खुर्चीत बसवलं, पंच्याने कमरेशी आवळलं, मांडीवर शाल टाकली. नऊला खुर्ची पुन्हा सगळ्यात पुढे ठेवली. एकेकाने खडा उचलला. मामाची पाळी आली तेव्हा भिकाजीने स्वतः खडा उचलून त्याच्या तळव्यावर ठेवला आणि बोटं एकेक करून मिटली. चारशे अकरा माणसं ते बघत होती. चारशे अकरा माणसांना माहीत होतं. एक खडाही उरला नाही.

पाकळ्या लावल्या. उजवी पाकळी पाणी सुकायच्याही आधी पडली.

मन्या अजून आतच होता, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

ढोल वाजले. मामाची खुर्ची पुढे, मी डावीकडचा खांदा. या वेळी वरून 'सावकाश रे मेल्यांनो' असं कोणी म्हणालं नाही, म्हणून आम्ही फारच सावकाश चाललो. घरी पोहोचलो तर अंगणातली तांबडी माती वाळली होती आणि तिच्यावर सात जणांच्या बुटांचे ठसे पक्के झाले होते. वेगवेगळ्या नक्षीचे, चांगल्या कंपन्यांचे. मामी त्यांच्यापाशी थांबली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मग ती आत गेली आणि गादी झटकली.

मामाला गादीवर निजवलं. मन्याने त्याला हुंगलं आणि जागा करून दिली. अकरा वीसला भिकाजी अंगणात येऊन मोठ्याने म्हणाला, "सगुण परब आत्ताच गेले." तेव्हा कुठे मामी रडायला लागली. पाच तास तिने नियम पाळला होता.

त्या दुपारी तिने सगळ्यांना पेज वाढली. माझ्या पुढ्यात पान मांडलं नाही.

याला आता आठ वर्षं झाली. मी कायम झालो, मग वरिष्ठ झालो. 'रिकामं गाव' चालू आहे. दर खेपेला पुण्यात बस सुटताना मी डोळे मिटून एकच वाक्य सांगतो, की इथली माणसं अजून नियम पाळतात, आणि लोक व्हिडिओ काढतात. खारवण्याला मात्र मी स्वतः सहलीबरोबर जात नाही, गट पाठवतो. गेल्या महिन्यात मामीच्या कागदपत्रांसाठी मृत्यूचा दाखला काढावा लागला, तेव्हा ती नोंद पहिल्यांदा वाचली आणि त्याच टेबलावर बसून अर्ज लिहिला. ग्रामसेवकाने तो वाचला, मला पाणी दिलं आणि अर्ज परत केला. प्रत इथे देतो.

'प्रति, मा. ग्रामसेवक, ग्रामपंचायत खारवणे. विषय: नोंदीत दुरुस्ती होऊन मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, कै. सगुण बाबुराव परब यांच्या मृत्यूचे ठिकाण 'राहते घर' हे रद्द करून 'वेशीबाहेर, खोप क्रमांक अकरा' असे करण्यात यावे. तसे केल्यास त्या दिवशी मयताच्या भावकीस सुतक होते, सबब उजवा कौल गैरलागू ठरून गाव विनापरवाना घरी गेले असे होते, याची अर्जदारास जाणीव आहे. तरी समस्त ग्रामस्थांनी गुरे व कोंबड्यांसह उर्वरित दहा दिवस वेशीबाहेर पूर्ण करावेत. ते सोयीचे नसल्यास, किमान त्याआधीच्या डाव्या कौलाच्या नोंदीतील 'मांजर' हा शब्द खोडून तेथे अर्जदाराचे नाव लिहिण्यात यावे, ही नम्र विनंती.'